शिक्क्यापुरतं वर्ष

भाचीने ते पत्र माझ्यासमोर आणलं तेव्हा मी कोलंबी सोलत होते. रविवार होता, मला ड्युटी नव्हती, आणि ती सकाळच्या एसटीने देवरूखहून मुद्दाम आली होती. माझे हात बरबटलेले होते म्हणून म्हटलं, "तूच वाच गो."

तिने वाचलं नाही. कागद माझ्या डोळ्यांसमोर धरून उभी राहिली.

आमच्या हॉस्पिटलच्या नावाने इंग्रजीत टाईप केलेलं पत्र होतं. सदर मुलीने आमच्या अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून पूर्ण वेळ एक वर्ष काम केलेलं आहे, तिचं काम समाधानकारक आहे, वगैरे. खाली दोन सह्यांची जागा सोडलेली. एक डॉक्टरांची, एक मेट्रनची. मेट्रन मी. ज्या वर्षाबद्दल हे लिहिलं होतं त्या वर्षात ती घरी बसून भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आमच्या हॉस्पिटलची पायरी ती एकदाच चढली होती, आणि तीसुद्धा माझा विसरलेला चष्मा द्यायला.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. मैत्रिणीच्या पत्रावरून. तिला चिपळूणच्या एका डॉक्टरांनी दिलं."

तिला नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला जायचं होतं. दोन वर्षांचा कोर्स आहे. तो केलेल्या नर्सने अतिदक्षता विभागातल्या पेशंटला स्वतः तपासायचं, काय होतंय ते ओळखायचं, ठरवून दिलेल्या चौकटीत औषधं कमी-जास्त करायची, डॉक्टर येईपर्यंत नुसतं वाट बघत उभं राहायचं नाही. प्रवेशाला बीएस्सी नर्सिंग लागतं आणि पेशंटच्या खाटेशेजारी केलेल्या कामाचा निदान एक वर्षाचा अनुभव. बीएस्सी तिच्याकडे होतं. उरलेलं वर्ष तिने त्या कागदावर आणलं होतं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

तिला ते अपेक्षित नव्हतं. मी तिची एकुलती आत्या. तिच्या बारशाला मी पहिल्या पगाराची पैंजणं नेली होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, एका वर्षात मी असं काय शिकणार आहे, जे बीएस्सीच्या चार वर्षांत शिकले नाही?"

मग मी तिला ऐकवलं. पेशंटच्या अंगाला हात लावल्याशिवाय काय कळतं तुम्हाला, पुस्तकातला माणूस घामाघूम होत नाही, त्याचे नातेवाईक दारात रडत नाहीत, आणि उद्या तू औषधं ठरवणार, तर आधी ती चार माणसांना देऊन त्यांचं काय होतं ते उभं राहून बघायला नको? बराच वेळ बोलले. कोलंबीवर माशा बसल्या तरी बोलत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला चोवीस वर्षं झाली ना? ईसीजी वाचता येतो?"

मी म्हटलं, "काढता येतो."

"वाचता?"

मी पुढची कोलंबी उचलली. चोवीस वर्षांत मी किती ईसीजी काढले असतील त्याला गणती नाही. पट्ट्या लावायच्या, कागद फाडायचा, डॉक्टरांच्या हातात द्यायचा. एकदा, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी एका डॉक्टरांना विचारलं होतं की सर, यात काय दिसतंय. ते म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही बेडशीट बदललीत का?" त्यानंतर मी कुणालाही विचारलं नाही. हे मी भाचीला सांगितलं नाही. पण त्या दिवशी कालवणात मीठ पडलं नाही, आणि ती दुपारची गाडी पकडून निघून गेली.

पुढचे चार दिवस फोन वाजत होता. आधी वहिनी. "ताई, पोरीचं आयुष्य आहे हो. सगळेच करतात." मग मुंबईहून दादा. तो कांदिवलीला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, आणि त्याला तिथे कुणीतरी सांगितलं होतं की हा कोर्स केला की पोरगी डॉक्टरच्या जवळपास पोचते. तो माझ्यावर ओरडला नाही. हळू बोलला, ते जास्त लागलं.

"मी बारावीला कॉलेज सोडलं आणि इकडे आलो, म्हणून तू नर्सिंगला गेलीस. मी कधी बोललो का?"

"नाही."

"मग सही करायला तुझा हात झिजतो?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "दादा, तिला माझ्याकडे पाठव. वर्षभर माझ्या घरी राहू दे, माझ्या वॉर्डात काम करू दे. वर्ष झालं की मी सही करते, आणि ती सही कुणाच्याही नाकासमोर धरता येईल." त्याने फोन ठेवून दिला. पण पुढच्या सोमवारी भाची बॅग घेऊन रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या माझ्या दोन खोल्यांत आली. चेहरा असा, की जणू तिला शिक्षा झाली होती.

आमचं हॉस्पिटल खाजगी आहे, चाळीस खाटांचं. खाली ओपीडी आणि विम्याचा काउंटर, वर वॉर्ड, त्याच्या शेजारी सहा खाटांचा अतिदक्षता विभाग. मी तिला पहिल्या दिवसापासून वॉर्डात घेतलं. अंथरूण बदलणं, बेडपॅन देणं, तोंड धुणं, कूस बदलणं. ती हे सगळं नीट करायची पण गप्प राहून. संध्याकाळी घरी आली की मोबाईलवर मैत्रिणींशी बोलायची, आणि त्यातल्या दोघी खोट्या पत्रावर कधीच्या कोर्सला लागल्या होत्या हे मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायची.

दुसऱ्या आठवड्यात वेळणेश्वरकडचे एक आजोबा होते. हर्नियाचं ऑपरेशन सकाळी झालेलं. दुपारी मी वॉर्डात फेरी मारताना त्यांच्याकडे गेले, तर ते पांघरुणाचा काठ सारखा ओढत होते आणि पाणी मागत होते. मी पायांना हात लावला. पावलं गार. कपाळावर बारीक घाम. भाचीने दहा मिनिटांपूर्वीच चार्ट भरला होता. बीपी बरोबर, ऑक्सिजन बरोबर, नाडी एकशे बारा.

"नाडी एवढी का?" मी विचारलं.

"दुखत असेल. ऑपरेशन झालंय ना."

"हात लावून बघितलंस?"

"मॉनिटरवर सगळं बरोबर होतं."

मी पट्टी उचलली. खाली सूज होती, आणि ती सकाळपेक्षा मोठी होती. आतल्या आत रक्त जात होतं. सर्जनना फोन केला, आजोबांना परत आत घेतलं, वाचले. भाची स्टूलवर बसून राहिली होती. मी तिला बोलले नाही. तिला जे समजायचं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. संध्याकाळी घरी तिने मोबाईल हातात घेतला नाही. जेवताना म्हणाली, "बीपी शेवटी पडतं. ते मला पाठ आहे, आत्या. परीक्षेत लिहिलंय मी." मी तिला आणखी भात वाढला. मला वाटलं होतं की आपण बरोबर ठरल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी ड्युटीवर गेले तर ती वॉर्डात नव्हती. खाली विम्याच्या काउंटरवर बसलेली. तिथली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, आणि मॅनेजरने बघितलं की नव्या सिस्टरला कॉम्प्युटर येतो, इंग्रजी येतं, तर बसवा तिला. कॅशलेसचे फॉर्म भरायचे, डिस्चार्जचे कागद स्कॅन करायचे, विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालायची. अंगावर नर्सचाच ड्रेस होता.

मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "आठ दिवस फक्त, सिस्टर."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. खरं सांगायचं तर तोवर मी फारसं काही केलं नाही. वॉर्डात माणसं कमी होती, दोघी सिस्टर आखातातल्या नोकरीसाठी सोडून गेल्या होत्या, मी रोज कुणाची तरी डबल ड्युटी लावत होते. आणि दुसरं म्हणजे, हे आमच्याकडे नेहमीच होत आलेलं. नवी मुलगी हुशार निघाली की खाली जायची. ड्युटीचा तक्ता मीच लावते. किती मुलींच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने 'काउंटर' लिहिलं असेल! त्या मुली वर्षभराने पत्र घेऊन गेल्या, त्यावर 'वॉर्ड आणि अतिदक्षता विभागाचा अनुभव' असं होतं, आणि मी सही केली होती. भाचीला पहिल्या दिवशी एवढं ऐकवणारी मी. ती मुलगी माझ्या घरात झोपत होती म्हणून मला हे दिसलं. एरवी दिसलं नसतं.

एका सकाळी एसटी स्टँडकडून चालत येताना ती म्हणाली, "आत्या, हे वर्ष पण त्या पत्रासारखंच आहे. फक्त जरा जास्त वेळ लागतोय."

मी त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. हॉस्पिटल त्यांचं. माणूस वाईट नाही, पेशंटशी गोड बोलतात, सर्जरीत हात चांगला आहे. मी म्हटलं, "सर, माझ्या भाचीला वर द्या. ती अनुभवासाठी आलीय."

"मिळतोय की अनुभव. सिस्टर, वर्ष भरलं की मी सही करतो." मग हसून त्यांनी खण उघडला, लेटरहेडचा पॅड काढला आणि टेबलावर ठेवला. "तुम्ही म्हणत असाल तर आत्ताच करतो. कशाला पोरीचं वर्ष घालवता? मी काय कुणाला नाही म्हणतो का?"

त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं.

मला इतका राग आयुष्यात क्वचित आला असेल. ते मला फसवत नव्हते, अपमानही करत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते उपकार करत होते. चोवीस वर्षं मी त्या माणसाच्या ऑपरेशननंतरचे पेशंट सांभाळले. त्यांचे टाके कधी फुगले, कुणाचा ताप कधी चढला, कुणाला बोलावायचं आणि कुणाला थोडं थांबवायचं, हे सगळं मी बघत आले. आणि त्यांच्या लेखी त्या सगळ्याची किंमत एका लेटरहेडच्या पानाएवढी होती, जी खाली काउंटरवर बसलेल्या मुलीलाही तितकीच सहज देता येत होती. त्यांनी स्वतः शिकताना कोणाच्या तरी हाताखाली रात्रीचा दिवस केला ते त्यांना आठवत होतं, त्यांच्या भाषणांत ते नेहमी येतं. नर्सच्या बाबतीत मात्र अनुभव म्हणजे हजेरी.

"सर," मी म्हटलं, "तुमच्या मुलाने एमएसच्या आधीची इंटर्नशिप काउंटरवर बसून केली असती तर तुम्ही सही केली असती?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्याची गोष्ट वेगळी आहे, सिस्टर."

"का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्यापासून ती वर असेल. नसेल तर ड्युटीचा तक्ता तुम्ही लावा." आणि बाहेर आले. मला नोकरी घालवून चालणारं नव्हतं, आणि हे त्यांना माहीत होतं. पण माझ्याशिवाय तक्ता लावणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर मॅनेजरचा मेव्हणा बसला.

वर आल्यावर मी तिला अतिदक्षता विभागात घातलं आणि माझ्या बरोबरच्या पाळीला ठेवलं. या वेळी मी एक केलं. तिने 'का' विचारलं की उत्तर द्यायचं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. आणि बऱ्याचदा मला येत नव्हतं! हाताला कळायचं, पण ते का कळलं ते शब्दांत सांगता यायचं नाही. मग ती मोबाईलवर शोधायची, पुस्तक काढायची. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ती टेबलावर ईसीजीच्या जुन्या पट्ट्या पसरायची आणि मला शिकवायची. ही टेकडी कशाची, ही दरी कशाची. मी चाळिशी लावून चौकोन मोजायचे. वयाच्या पन्नाशीला आले होते आणि दहा-बारा दिवसांत मला ढोबळ वाचता यायला लागलं. दहा-बारा दिवसांत! जे मला चोवीस वर्षं कुणी दाखवलं नाही ते इतकंच होतं. त्या संध्याकाळी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते आनंदाने नव्हतं.

भातलावणीच्या शेवटी तापाचे पेशंट वाढतात. त्या आठवड्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या वाडीतली बाई आली, पन्नाशीची, सून बरोबर. नवरा आणि मुलगा दोघे मुंबईला. चार दिवस ताप, अंगदुखी. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने तपासलं, सलाईन लावलं, तापाची गोळी लिहिली, रक्त पाठवलं. वॉर्डात पाठवली.

सकाळी मीच तिला खाटेवर घेतलं होतं. पाय उचलताना ती कळवळली. "नको गो बाय, पोटऱ्यांना हात नको लावू." मला तेव्हाच काहीतरी खटकलं. चिखलात उभं राहून लावणी केलेली बाई, ताप, आणि पोटऱ्या अशा दुखतायत. मी हे आधी बघितलेलं होतं. मी मनात म्हटलं, राउंडला डॉक्टरांच्या लक्षात येईल. आणि दुसऱ्या खाटेकडे गेले.

दुपारी भाची वॉर्डात मदतीला आली होती. तिने त्या बाईवर चादर घातली, तर चादरीच्या वजनानेही बाईने पाय ओढून घेतले. भाची थांबली. तिने बाईच्या डोळ्यांत बॅटरी मारली, लाल होते. मग सुनेला विचारलं, "सकाळपासून लघवीला किती वेळा गेली?"

सून म्हणाली, "सकालधरनं गेलीच नाय. पानी पन पीत नाय ना, म्हनून नसंल."

"सलाईन चाललंय की," भाची म्हणाली. ते सुनेला नाही, स्वतःलाच.

ती सरळ ड्युटीच्या डॉक्टरकडे गेली. मी सिस्टर्सच्या टेबलाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं. "सर, आठ नंबरच्या बाईंना लेप्टो असू शकतो. पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल आहेत, लावणी करून आल्यात. आणि लघवी झालेली नाही."

लेप्टो म्हणजे शेतातल्या घाण चिखलपाण्यातून होणारा ताप, तो किडनीवर जातो. डॉक्टर मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "रिपोर्ट येऊ देत."

"रिपोर्ट उद्या येईल, सर. तोपर्यंत किडनी..."

आता त्याने मान वर केली. "तू डॉक्टर आहेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तो क्षण विसरू शकत नाही. मला ते सगळं सकाळी दिसलं होतं. तिच्या आधी सहा तास. तिला ते पुस्तकातून आठवलं होतं, मला हाताने कळलं होतं. आणि मी बोलले नव्हते. कारण चोवीस वर्षांत मी आणखी एक गोष्ट शिकले होते, की कळलेलं बोलायचं नाही. डॉक्टर राउंडला येतील, त्यांच्या लक्षात येईल, आपण शेजारी उभं राहून हो म्हणायचं. माझा सगळा अनुभव त्या सकाळी त्या बाईच्या काही उपयोगी पडला नव्हता. माझ्यात हे कुणी भरलं त्यांच्यावर मी चिडले, आणि भरू दिलं म्हणून स्वतःवरही.

मी फोन उचलला आणि मोठ्या डॉक्टरांना घरी लावला. जेवायला बसले होते. "सर, आठ नंबर लेप्टो वाटतोय. सकाळपासून लघवी नाही. तुम्ही या." मी 'वाटतोय' म्हटलं हे त्यांनाही नवीन होतं. ते एवढंच म्हणाले, "येतो."

ते आले, बघितलं, आणि त्या तरुण डॉक्टरला त्यांनी काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. औषध ताबडतोब चालू झालं, आणि संध्याकाळच्या आत बाईला कोल्हापूरला पाठवलं, तिथे डायलिसिस करावं लागलं. वीसेक दिवसांनी ती घरी गेली. सुनेने फोन करून सांगितलं. भाचीला सांगितलं, मला नाही. ते बरोबरच होतं.

वर्ष भरलं. पत्र टाईप झालं. अतिदक्षता विभागात पूर्ण वेळ एक वर्ष. त्यात काउंटरचे दोन महिने होते. ते वजा केले असते तर दहाच महिने भरत होते, आणि त्या वर्षीचा प्रवेश हुकला असता. भाची म्हणाली, "आत्या, तू म्हणशील तसं." मी दोन दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी सही केली. मला त्याची लाज वाटते, आणि तरी आज कुणी विचारलं तर मी पुन्हा करीन. ते दोन महिने तिने चोरले नव्हते, तिच्याकडून चोरले होते.

पुण्याला प्रवेशाची कागदपत्रं तपासून घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. लांब रांग होती. आमच्या पुढे एक गोड मुलगी होती, तिची आणि भाचीची पटकन गट्टी जमली. भाचीने सहज विचारलं, "तुमच्या आयसीयूत व्हेंटिलेटर किती होते?" ती मुलगी हसली आणि म्हणाली, "काय माहीत? मी फक्त पत्र आणायला गेले होते." लाजलीसुद्धा नाही. तिला त्यात लाजण्यासारखं काही आहे हे कुणी सांगितलंच नसेल.

टेबलावरच्या माणसाने भाचीचं पत्र घेतलं. सही बघितली, शिक्का उजेडाकडे धरून बघितला, तारखा जुळवल्या, बरोबरची खूण केली आणि पुढचा कागद मागितला. अर्धं मिनिट लागलं असेल.

मी म्हटलं, "अहो, तिला काहीतरी विचारा की."

"काय विचारू?"

"वर्षभर काय केलं ते. एखादा पेशंट. काहीही."

"मॅडम, शिक्का आहे ना? झालं तर मग. तुम्ही तिकडे बसा."

मी बसले नाही. मी म्हटलं, "शिक्काच बघायचा असेल तर ही वर्षाची अट ठेवता कशाला? काढून टाका. निदान खोटं तरी बोलायला लावू नका पोरींना. आणि ठेवायची असेल तर विचारा. पाच मिनिटं विचारलंत तर कोण खाटेशेजारी उभं राहिलंय आणि कोण नाही ते कळेल तुम्हाला." रांगेतल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. दोन-तीन पालकही. तो माणूस वैतागला नाही, हेच वाईट. त्याने समजूतदारपणे मान हलवली, पुढच्या मुलीचे कागद घेतले. भाचीने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. तिचे कान लाल झाले होते. "आत्या, पुरे आता," ती म्हणाली. पण बाहेर आल्यावर तिने मला उसाचा रस पाजला आणि वाटेत दोनदा माझ्याकडे बघून हसली.

तिला प्रवेश मिळाला. रांगेतल्या त्या मुलीलाही मिळाला. आता दुसरं वर्ष चालू आहे. भाची फोन करते तेव्हा सांगते की त्या मुलीला पहिले चार महिने पेशंटला हात लावायची भीती वाटायची, रात्रपाळीला रडायची. भाचीने तिला सांभाळून घेतलं. हुशार आहे म्हणते, शिकेल. मला त्या मुलीचा राग नाही. तिने ज्याच्याकडून पत्र आणलं त्याचा आहे, ज्याने खूण केली त्याचा आहे, आणि तिच्या हाताखाली आधी जे चार-सहा पेशंट गेले असतील त्यांना हे कधी कळणार नाही, याचा आहे.

इथे मी एवढंच करू शकले की नव्या मुलींना मी काउंटरवर पाठवत नाही. मॅनेजर माझ्याशी आता फक्त कामापुरतं बोलतो. सकाळच्या ड्युटीला मी एक नवी मुलगी बरोबर घेते आणि तिने मला निदान तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिला चहाला सोडत नाही. सुरुवातीला त्या उगाच काहीतरी विचारतात. मग खरंच विचारायला लागतात.

मागच्या महिन्यात मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, की भाची कोर्स संपवून आली तर तिला नर्स प्रॅक्टिशनर म्हणून घ्याल का. आपल्या गावाजवळ राहील, तुम्हालाही उपयोग होईल.

ते खरंच विचारात पडले. लेप्टोची बाई त्यांना आठवत असणार. मग म्हणाले, "घेईन की, का नाही? पण सिस्टर, आपल्याकडे तशी पोस्टच नाही. कागदोपत्री स्टाफ नर्सच दाखवावं लागेल. पगारही त्याच्यातच बसवावा लागेल."

"आणि काम?"

"काम काय, ती करेलच सगळं."

मी म्हटलं, "सर, तसं असेल तर ती येणार नाही. मीच तिला येऊ देणार नाही." ते काही बोलणार होते, पण वरून ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला, ते उठले. दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही. तो प्रत्येक फोनला विचारतो, पोरगी रत्नागिरीत कधी येणार, आणि मी प्रत्येक वेळी म्हणते की आधी शिक्षण पुरं होऊ दे.